पाठपोट

आमच्या कचेरीच्या भाषेत 'पाठपोट' असा एक शब्द होता. कागदाच्या एकाच अंगावर मजकूर लिहून दुसरे अंग कोरे सोडणे ही सरकारी दौलतीची नासाडी समजली जाई, आणि म्हणून नव्याने लागलेल्या उमेदवाराला वरिष्ठ पहिल्याच दिवशी ताकीद देत की, नकला करावयाच्या त्या पाठपोट कराव्या. हा शब्द मी तेहेतीस वर्षे ऐकला, पुढे स्वतः अव्वल कारकून झाल्यावर इतरांना ऐकवला, आणि ज्या दिवशी पेन्शनीत निघालो त्या दिवशी दौत-टाकाबरोबर तोही कचेरीच्या टेबलावर ठेवून आलो, अशी माझी समजूत होती. तो मला पुन्हा भेटावयाचा होता, आणि तोही घरामागच्या परसात, वालाच्या एका पानावर, हे तेव्हा कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

माझी सारी हयात महसूल खात्यात गेली. कोणत्या सर्व्हे नंबरात जिराईत किती, बागाईत किती, पोटखराबा किती, कोणत्या खातेदाराकडे मागील बाकी किती आणि चालू सालचा आकार किती, हे मला घरातील माणसांच्या जन्मतिथींपेक्षा अधिक बिनचूक ठाऊक असे. सात-बाराच्या उताऱ्यांवर खरिपाची आणि रब्बीची पीकपाहणी किती गावांची तपासली, फेरफाराच्या नोंदी किती मंजुरीस ठेवल्या, याची गणती नाही. ज्वारी, बाजरी, मटकी, करडई ही नावे मी इतक्या वेळा लिहिली की माझ्या अक्षराला जणू त्यांचे वळण लागले. आणि तरीही १९६६ च्या मार्चअखेर सेवेतून मुक्त होईपर्यंत या हाताने मेथीचा एक दाणादेखील मातीत टाकलेला नव्हता, ही गोष्ट मला विसंगत वाटणे तर राहोच, ती कधी माझ्या लक्षातही आली नव्हती.

तासगावात आमचे वडिलार्जित घर आहे. पुढे ओसरी, आत माजघर, मागे पडवी, आणि पडवीच्या पायऱ्या उतरल्या की आडापर्यंत पसरलेले परस. वडिलांच्या वेळेपासून तेथे एक शेवगा, एक कढीनिंब आणि मोरीच्या तोंडाशी अळूचा गच्च ताटवा एवढाच काय तो संसार होता. बाकी सारी जागा काटेमाठ, हरळी आणि फुटक्या कौलांचे तुकडे यांच्या बिनहरकत वहिवाटीत होती. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात, रिकामपणाचा काच कसा होतो याची चुणूक मिळताच, मी एक दोरी घेऊन ती जागा मोजली. तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, हा हिशेब आमच्या रक्तात मुरलेला. त्या मापाने परस दीड गुंठा भरले. चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो आणि मी तर शेकडो एकरांची उलाढाल कागदावर केलेली, तेव्हा या दीड गुंठ्याचा बंदोबस्त आपण सहज लावू, असा एक सूक्ष्म अहंकार माझ्या मनात त्या क्षणी उत्पन्न झाला होता, हे कबूल केले पाहिजे.

मग मी जे केले ते कोणत्याही कारकुनाने केले असते. प्रथम नकाशा काढला. नंतर वाफ्यांना नंबर दिले आणि पोटहिस्से पाडले. पुठ्ठ्याची एक जाड वही आणून तिच्यात पेरणीची तारीख, बियाण्याची जात, पाण्याच्या पाळ्या, काढणी, वजन आणि शेरा असे रकाने आखले, आणि पहिल्या पानावर सुबक अक्षरात 'परसबाग : सन १९६६-६७' असे शीर्षक घातले. भेंडीचे बी पुसा सावनीचे मिळविले, कारण दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत निघालेली ही जात पाने हळदीसारखी पिवळी पाडणाऱ्या रोगाला सहजी बळी पडत नाही असे शेतकी खात्याच्या पत्रकात वाचले होते. वांग्यांचे बी मात्र कृष्णाकाठचे, कारण त्या वांग्यांची भरताची कीर्ती लहानपणापासून जिभेवर होती. एका गवळ्याकडून गाडीभर शेण आणवून ते तसेच, ओलेकच्चे, साऱ्या वाफ्यांत पसरले. मृग निघाला, पाऊस वेळेवर आला, मी छत्री धरून पेरणी केली, आणि वहीत नोंद करून समाधानाने झोपी गेलो.

त्या खरिपाची कैफियत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. कोथिंबीर उगवलीच नाही. मेथी उगवली, पण इतकी दाट की तिची पिवळी, काटकुळी रोपे एकमेकींच्या अंगावर कोलमडली. भेंडी आणि वांगी महिनाभर मोठ्या डौलाने वाढली, आणि मग एकामागून एक रोपे भर दुपारी माना टाकू लागली. मी त्यांना पाणी घालीत गेलो, ती वाळत गेली. एके सकाळी वैतागून एक रोप ओढले तर ते कसलाही प्रतिकार न करता हातात आले. खाली मूळ नव्हतेच. त्या जागी अर्धचंद्राकार वळलेली, पांढरीफटक, तांबूस डोक्याची एक लठ्ठ अळी स्वस्थ पडून होती. त्या वर्षी आमच्या परसात भरघोस म्हणावी अशी एकच भाजी झाली, ती म्हणजे मोरीवरचे अळू. आणि ते अळू आमच्या सौभाग्यवतींनी गेली पंचवीस वर्षे, कोणतीही वही न ठेवता, भांड्यांच्या विसळणाच्या पाण्यावर पोसलेले होते. त्याला मी नकाशात नंबरही दिलेला नव्हता.

आमच्या घराच्या मागच्या अंगाला माळ्यांची वस्ती आहे. तेथील एक म्हातारी, जिला सारी आळी आक्का म्हणते, डोक्यावर पाटी घेऊन आमच्याकडे भाजी घालीत असे. माझा हा कारभार ती कुंपणापलीकडून चार महिने पाहत होती. पण मी कचेरीतला माणूस, आणि कचेरीतल्या माणसाला विचारल्याविना काही सांगू नये हा तिचा आयुष्यभराचा अनुभव, म्हणून ती गप्प राहिली होती. मी ती अळी कागदावर घेऊन तिच्यापुढे गेलो तेव्हा कोठे तिने तोंड उघडले. "हुमणी हाय ही, भाऊसाहेब. कच्चं श्यान घाटलंसा, त्यातनं आली. श्यान कुजाय लागतंय. आपल्या घाईनं ते कुजतंय व्हय?"

पुढील दोन वर्षे मी आक्काच्या हाताखाली उमेदवारी केली असे म्हटले तरी चालेल. हयातीत अनेक वरिष्ठांचे हुकूम मी तामील केले, परंतु इतक्या थोड्या शब्दांत इतके नेमके हुकूम मला कोणाकडून मिळाले नव्हते. धणा हा एक दाणा दिसतो पण ते दोन दाण्यांचे जोडबी असते, तेव्हा तो फळीखाली रगडून दुभंगावा, रात्रभर भिजवावा, आणि मग पेरून आठ-दहा दिवस धीर धरावा. मेथी फेकताना मूठ आवळून नव्हे तर बोटे सैल सोडून फेकावी. रोपांचा गादीवाफा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोहोचेल एवढाच रुंद करावा, म्हणजे आत पाय पडत नाही. वांग्याचा शेंडा सुकलेला दिसला की त्यात अळी शिरली असे समजून तो त्याच दिवशी खुडून जाळावा, कारण आज शेंड्यात असलेली अळी उद्या फळात जाते, आणि मग वरून तुकतुकीत दिसणारे वांगे चिरल्यावर आतून काळे निघते. खतासाठी परसाच्या कोपऱ्यात मी खड्डा खणला. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने इंदुरास राहून कंपोस्टाची जी पद्धत बसविली, तिचे वर्णन मी मुद्दाम मिळवून वाचले होते. पालापाचोळा, शेण, माती आणि राख यांचे थर, मधूनमधून पाणी आणि दोन-तीन वेळा उलथापालथ. मोठ्या उत्साहाने ते मी आक्काला वाचून दाखविले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग आमी काय करत हुतो म्हनायचं?" साहेबाने या देशातील शेतकऱ्यांकडे पाहूनच पुष्कळसे शिकलो असे स्वतः मान्य केलेले आहे, हे मला ठाऊक होते, ते मी तिला सांगितले, आणि तिला त्यात नवल असे काही वाटले नाही.

तीन महिन्यांनी तो खड्डा उकरला तेव्हा शेणाला शेणाचा वास नव्हता, पाल्याला पाल्याचा आकार नव्हता. पहिल्या पावसाच्या मातीसारखा गंध असलेला एक काळाभोर, भुसभुशीत पदार्थ हाती आला. निसर्गाच्या कचेरीत प्रकरणे कशी निकाली निघतात हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले, आणि मुदतीपूर्वी निकाल मागणाऱ्या अर्जदाराला तेथे काय मिळते, याचा अनुभव तर मी आधीच घेतलेला होता.

तिसऱ्या वर्षी बाग खऱ्या अर्थाने लागली. आडाच्या कडेने मांडव घातला आणि त्याच्यावर दोडका, पडवळ, दुधी आणि वाल चढविले. ज्याने मांडवाखाली संध्याकाळ काढलेली नाही त्याला वेलभाज्यांचे अर्धे आयुष्य अपरिचित राहते असे माझे मत झाले आहे. कारण लाल भोपळ्याचे मोठे केशरी फूल पहाटे उमलते आणि उन्हे चढताच मिटते, तर दोडक्याची पिवळी फुले गुरे घरी परतण्याच्या सुमारास उघडतात, त्यांच्या पाठोपाठ दुधीची शुभ्र फुले, आणि काळोख पडल्यावर, पाहणारे कोणी नसताना, पडवळाची झिरमिळ्यांच्या कडांची पांढरी फुले. भोपळ्याला प्रथम नुसतीच फुले येतात आणि गळतात, तेव्हा वेल वांझ निघाला म्हणून मी तो उपटण्याच्या बेतात होतो. सौभाग्यवतींनी मला थांबविले. पहिली फुले नराची असतात. मागाहून येणाऱ्या मादीच्या फुलाच्या देठाशी इवलासा भोपळा आधीच धरलेला असतो, आणि माश्या-भुंगे कमी असतील तर सकाळी नराचे फूल खुडून त्याचा पराग तिच्यावर टेकवावा लागतो. हे ज्ञान त्यांना कोठून मिळाले असे विचारता "माहेरी बघितलंय" एवढेच उत्तर मिळाले. ज्या बाईने हे बालपणी पाहिले होते तिला पंचवीस वर्षांत मी एकदाही परसाविषयी काही विचारले नव्हते.

आता वालाच्या पानाची हकीकत. मार्गशीर्षाचे दिवस होते. मांडवावरचा वाल असा काही माजला होता की पडवीतून पाहणाऱ्याला हिरव्या रंगाखेरीज दुसरे काही दिसत नसे. फुलांचे तुरे वर आले होते, आणि मी वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात 'वेल उत्तम' असे लिहून मोकळा झालो होतो. आक्का पाटी उतरवून मांडवाकडे पाहत उभी राहिली. तिची दृष्टी पानांवर नव्हती, खांबावर होती. "मुंग्या चढत्यात," ती म्हणाली. "पान उलटून बगितलंसा का?"

मी पान उलटले. वरून पोपटी, निकोप दिसणाऱ्या त्या पानाचे खालचे अंग काळ्या माव्याने असे भरले होते की सुईच्या अग्राएवढी जागा रिकामी नव्हती. आणि त्या माव्याने सोडलेला चिकट, गोड रस चाटण्यासाठी मुंग्यांची रांग लागली होती. दुसरे पान उलटले, तिसरे उलटले. सर्वत्र तेच. माझी बोटे चिकट झाली. त्या चिकटपणाचा स्पर्श होताच मी एकाएकी सोळा वर्षे मागे गेलो.

१९५२ साली मी सर्कल इन्स्पेक्टर होतो. पाऊस अपुरा झालेला, आणि माणदेशातल्या काही गावांची नजर आणेवारी करण्याचे काम माझ्याकडे आलेले. आजच्या वाचकाला आणेवारीचा अर्थ कदाचित सांगावा लागेल. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. त्याच्या मानाने यंदाचे उभे पीक किती आणे, हे गावोगाव हिंडून डोळ्यांच्या अंदाजाने ठरवावयाचे. चार आण्यांपर्यंत पीक ठरले तर त्या सालचा सारा पूर्ण तहकूब, चारच्या वर सहापर्यंत ठरले तर निम्मा तहकूब, आणि सहाच्या वर गेले की तहकुबी नाही. म्हणजे एका आण्याच्या फरकाने एखाद्या गावाचे वर्ष इकडचे तिकडे होत असे, आणि तो आणा आमच्या नजरेत असे. त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी मला आणखी चार गावे उरकावयाची होती. एका शेताच्या बांधावर मी घोड्यावरून उतरलो. शाळू कमरेच्या वर उभा होता, हिरवा होता, एवढे पुरेसे होते. मी तलाठ्याला म्हणालो, "सात आणे." शेताचा धनी, साठीच्या घरातला, हात जोडून पुढे आला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, बांधावरनं कसं कळंल? जरा आत या. पान उलटून बगा. चिकटा पडलाय, दाना भरायचा न्हाई."

मी आत गेलो नाही. हे लिहिताना मला माझे कारण शोधावे लागत नाही, ते स्वच्छ आठवते. चिकटा पडलेल्या शाळवात शिरले की कपडे खराब होतात, आणि मी त्या दिवशी नवा पांढरा कोट घातला होता. शिवाय अर्ज करणारा प्रत्येक खातेदार पीक बुडाले असेच म्हणतो, हे आमच्या धंद्यातील पहिले शहाणपण. मी त्याला, हरकत असेल तर रीतसर अर्ज कर, असे सांगितले. आणि ही सूचना कायद्याला अनुसरूनच होती. त्याने अर्ज केला की नाही, हे मला ठाऊक नाही. सात हा आकडा मी माझ्या हाताने रोजनाम्यात लिहिला, आणि तो पानाच्या एकाच अंगावर होता.

आक्काने सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी पहाटे, दव असतानाच, मी चुलीतली राख चाळून पानांच्या खालच्या अंगाला धुरळली. फार माखलेले शेंडे खुडले. चार दिवसांनी पाहिले तेव्हा माव्यात लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे फिरत होते. "त्यास्नी मारू नका," आक्का म्हणाली, "ती मावा खात्यात." वाल वाचला. पोपटी शेंगांची उसळ झाली, आळीत तीन घरी वानोळा गेला. पण त्या दिवसापासून माझ्या वहीची पद्धत बदलली. तोपर्यंत मी प्रत्येक पानाचे एकच अंग लिहीत होतो; आता पुढच्या अंगावर पडवीतून जे दिसते ते, आणि मागच्या अंगावर वाकून, पान उलटून, माती उकरून जे दिसते ते, अशी मी पाठपोट नोंद ठेवू लागलो. दोन्ही अंगांचा मजकूर एकसारखा निघाला असे दिवस फार थोडे आहेत.

जमाखर्चाविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर माझ्या पूर्वायुष्याशी ती प्रतारणा होईल. बांबू, सुतळी, बियाणे, शेणाची गाडी, मांडवासाठी लावलेला गडी हा खर्च एका बाजूस, आणि घरी आलेल्या भाजीची बाजारभावाने किंमत दुसऱ्या बाजूस मांडली असता पहिल्या वर्षी सव्वीस रुपये तूट आली, दुसऱ्या वर्षी नऊ, आणि तिसऱ्या वर्षी प्रथमच चार रुपये शिल्लक राहिली. चौथ्या वर्षी हा हिशेब मी सोडून दिला. उदारपणामुळे नव्हे, तर एका तांत्रिक अडचणीमुळे. भेंडी दिवसाआड तोडावीच लागते, नाही तर ती काष्ठवत होते. दोन माणसांच्या घरात एवढ्या भेंड्या करावयाच्या काय, म्हणून त्या शेजारी जात. शेजारून कधी ताकाचा गडू, कधी लोणच्याची फोड, कधी नुसतेच परत आलेले रिकामे ताट. हा वानोळा जमेच्या रकान्यात घालावा की खर्चाच्या, याचा निर्णय मला शेवटपर्यंत करता आला नाही, आणि ज्या रकमेला रकाना नाही तिच्यामुळे सारा ताळेबंदच बिघडतो हे कोणताही हिशेबनीस मान्य करील.

मग १९७२ साल आले. आधीची दोन वर्षे ओढगस्तीचीच होती. त्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, आणि हस्तानेही सोंड वर केली नाही. आडाचे पाणी दसऱ्यालाच तळाशी गेले. पौषात पोहरा खडकावर आपटल्याचा आवाज आला, आणि रहाटाची करकर थांबली. रेशनच्या दुकानात अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळू लागली. रस्त्यारस्त्याला खडी फोडण्याची कामे निघाली. आमच्याच तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे यांनी, मागेल त्याला काम ही कल्पना येथेच प्रथम प्रयोगादाखल राबवून पाहिली होती. तिची कसोटी लागावी असा काळ इतक्या लवकर येईल असे कोणाला वाटले नसेल. पुढल्या उन्हाळ्यात तर राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. ज्यांच्या नावांपुढे मी 'खातेदार' असे लिहीत आलो होतो, ती माणसे डोळ्यांवर फडके बांधून दगडावर हातोडी मारीत बसलेली मी स्टेशनच्या वाटेवर पाहिली.

आमच्या परसात पिण्याच्या पाण्यातून थेंबही घालावयाचा नाही असे ठरले. मोरीचे आणि न्हाणीचे जे सांडपाणी निघेल तेवढ्यावर काय जगेल ते जगवावयाचे, आणि बाकीच्यांना सोडावयाचे. कोणाला सोडावयाचे, हा निवाडा वाटतो तितका सोपा नसतो. शेवग्याला पाण्याची फारशी गरज नव्हती, कढीनिंबाची मुळे खोल गेली होती. अळू मात्र पाण्याचा जीव, तरी त्याचा मोरीवरचा हक्क सर्वांत जुना, म्हणून त्याचे चार गड्डे राखले. वांगी, मिरची, वाल यांचे पाणी तोडले. रोज संध्याकाळी मी मांडवाखाली जाऊन वाळणारी पाने पाहत असे, आणि माघ संपता संपता सवयीने वहीत आणेवारी लिहिली : दोन आणे. लिहून झाल्यावर मी तो आकडा मोठ्याने वाचून पाहिला. फारच लहान आवाज झाला.

त्या संध्याकाळी मला माझ्या बागेची मर्यादा समजली, आणि ती सांगण्यासाठीच हे सारे लिहावयास बसलो. गेली सहा वर्षे मी वाकलो होतो, खुरपे धरले होते, हाताला घट्टे पडले होते, आणि मनातल्या मनात आपणही आता मातीतले माणूस झालो, त्या बांधावरच्या चुकीची काही फेड झाली, असे मला वाटू लागले होते. परंतु दीड गुंठ्याचे पीक बुडाले त्या रात्रीही आमच्या चुलीवर भात शिजला, कारण पेन्शन महिन्याच्या महिन्याला येत होती. माझ्या बागेत पाठ तेवढी माझी वाकत होती. पोट सरकारी खजिन्याच्या भरवशावर होते. त्या माणदेशी शेतकऱ्याची पाठ आणि त्याचे पोट ही एकाच कागदाची दोन अंगे होती, आणि मी त्या कागदावर, बांधावरून, नव्या कोटाची इस्त्री सांभाळीत, सात हा आकडा लिहिला होता. दप्तरातील चुकीची नोंद फेरफाराने दुरुस्त होते, तिला कलम आहे, मुदत आहे, अपील आहे. या नोंदीला त्यांपैकी काही नाही. बागेने मला क्षमा केली असे मी म्हणणार नाही. तो तिचा अधिकारच नव्हे. तिने फक्त मला ते शेत आतून दाखविले, आणि तेही उशिरा.

१९७३ चा पाऊस चांगला झाला. आड भरला, रहाट पुन्हा करकरू लागला, आक्काने मूठभर वालाचे बी आणून दिले; गेल्या वर्षी तिच्या स्वतःच्या मळ्यात काही उरले नव्हते, पण बियाण्याचे गाडगे तिने उतरंडीच्या तळाशी झाकून ठेवले होते. मांडव पुन्हा भरला आहे.

परवा माझे एक जुने सहकारी, हेही आता पेन्शनीत निघालेले, भेटावयास आले. चहा झाल्यावर मी त्यांना पडवीत नेले. पायरीवर उभे राहून त्यांनी परसावरून एक नजर फिरविली, ती नजर मी ओळखली, आणि म्हणाले, "वा, वा! सोळा आणे बाग!"

"इथून कसं कळेल?" मी म्हणालो. "जरा आत या. पान उलटून बघा."

त्यांनी नुकत्याच शिंपलेल्या वाफ्यांकडे पाहिले, मग आपल्या पांढऱ्याशुभ्र धोतराकडे पाहिले, आणि हसून म्हणाले, "पुढच्या खेपेस." मी आग्रह केला नाही. त्यांना वाटेला लावून परत आलो, मांडवाखाली गेलो, खांबावरच्या मुंग्या पाहिल्या आणि वही उघडली. पुढच्या अंगावर त्यांचा शेरा, त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहिला. मग पान उलटले, आणि मागच्या अंगावर लिहिले : 'वाल, पूर्वेचा खांब. मावा दिसू लागला. उद्या पहाटे राख.'